मरीचझापीची जखम

१९४६ साली बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले ते बंगालमधून. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे नमःशूद्र सहकारी पाठीशी उभे राहिले म्हणून. हे आपण दर जयंतीला अभिमानाने सांगतो. पण त्या नमःशूद्रांचे पुढे काय झाले, हे आपण विचारीत नाही. मीही बरीच वर्षे विचारले नव्हते. त्या अपराधाची जाणीव ठेवूनच हे लिहितो आहे.

फाळणीत बारिसाल, फरीदपूर, जेसोर, खुलना हे नमःशूद्रांचे जिल्हे पाकिस्तानात गेले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. १९५० च्या दंगलींनंतर राजीनामा देऊन त्यांनाही कलकत्त्याला यावे लागले. वरच्या जातींतले पुष्कळ लोक आधीच निघाले होते. त्यांना कलकत्त्यात नातेवाईक होते, शिक्षण होते, ओळखी होत्या. त्यांनी शहराभोवती वसाहती उभ्या केल्या. मागून आलेला नमःशूद्र शेतकरी सरकारी छावणीत पडला. पुढे १९६४ च्या दंगली झाल्या, १९७१ चे युद्ध झाले. लोंढे येतच राहिले.

१९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. नदीत होडी वल्हवणाऱ्या, मासे धरणाऱ्या, भातशेती करणाऱ्या माणसाला बस्तर-कोरापूटच्या कोरड्या माळरानावर नेऊन टाकले. काही कुटुंबे आपल्या चांदा जिल्ह्यातही आली. तिथली जमीन पिढ्यान्‌पिढ्या आदिवासींची. म्हणजे एका उपेक्षिताला दुसऱ्या उपेक्षिताच्या दारात उभे केले. जे कंटाळून निघून गेले, त्यांना सरकारी कागदांत नाव मिळाले ‘पळपुटे’!

या शब्दापाशी मी थांबतो. घर जाळले गेले, नातलग मारले गेले, ती एक जखम. पण स्वतःच्या हाताने घर पोसणारा बाप छावणीत मदतीच्या रांगेत उभा राहतो आणि त्याची मुले ते पाहतात, ही दुसरी जखम. वर त्यालाच आळशी, पळपुटा म्हटले जाते, ही तिसरी. पहिली दंगलखोरांनी केली. उरलेल्या दोन राज्यसंस्थेने केल्या, आणि त्या करताना जात तिच्या मदतीला होती.

सत्तेबाहेर असताना डावे पुढारी निर्वासितांना बंगालमध्येच जागा द्या म्हणत. १९७७ साली ते सत्तेवर आले. त्या शब्दावर विश्वासून १९७८ साली हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून निघाली आणि सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर उतरली. त्यांनी सरकारकडे पैसा मागितला नाही. स्वतः बांध घातले, शाळा काढली, दवाखाना काढला, होड्या बांधल्या. सरकार म्हणाले, हे राखीव जंगल आहे. २४ जानेवारी १९७९ पासून बेटाची नाकेबंदी झाली. अन्न, औषध, पिण्याचे पाणीसुद्धा अडवले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्याच्या मध्याला झोपड्या जाळून उरलेल्यांना हुसकावून लावले. मेलेल्यांच्या सरकारी आणि वाचलेल्यांच्या आकड्यांत आजही मेळ नाही. शिक्षा कोणालाही झाली नाही.

संशोधक अन्नू जलैस यांना सुंदरबनातल्या लोकांनी पुढे सांगितले की, मरीचझापीनंतर वाघ माणसांवर अधिक धावून येऊ लागले. सरकारनेच वाघाला माणसापेक्षा मोठे ठरवले ना! ही अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. आपला जीव स्वस्त आहे, हे ज्याच्या मनावर कोरले गेले, त्याची ही साक्ष आहे.

छावणीतले बालपण आणि भूक मनोरंजन ब्यापारी यांनी आत्मचरित्रात मांडली. आपल्या आत्मकथनांशेजारी ते पुस्तक ठेवून वाचले पाहिजे. कार्यकर्त्यांनी तर फार लांब जायलाही नको. गडचिरोली जिल्ह्यात बंगाली निर्वासितांची गावे आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांजवळ बसा, ऐका, लिहून घ्या. २००३ च्या कायदादुरुस्तीनंतर नागरिकत्वाची नवी धास्ती अशा अनेक घरांत शिरली आहे. ज्यांच्या मतांनी बाबासाहेब घटना समितीत पोहोचले, त्यांच्याच नातवंडांना आपण इथले आहोत हे सिद्ध करावे लागावे, याची चीड आपल्याला येत नसेल, तर आपले जयंतीचे भाषण पोकळ आहे.