पळणारा प्राणी रणात कसा टिकला?

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजातून उत्तरेकडे निघाले की हर्सूल लागते. पुढे हाच रस्ता सिल्लोडवरून अजिंठ्याकडे जातो. मलिक अंबरने १६१० मध्ये येथे खडकी वसवली, तेव्हापासून या मुलखाने कितीतरी घोडदळे पाहिली. वर्गात आपण त्या घोडदळांची संख्या सांगतो. घोडा कसा वागतो, हे मात्र सांगायचे राहून जाते.

घोडा मुळात माळावर कळपाने चरणारा आणि संकट दिसताच पळणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त कपाळापुढचा आणि शेपटीमागचा थोडा भाग दिसत नाही. कळपातला एक उधळला की बाकीचेही उधळतात. कारण शोधत थांबणारा वाघाच्या तोंडी जायचा!

मलिक अंबरच्या आणि पुढे मराठ्यांच्या गनिमी काव्यात या चपळाईला वाव होता. अचानक छापा घालायचा आणि शत्रू सावरण्यापूर्वी पसार व्हायचे.

समोरासमोरच्या लढाईत मात्र घोड्याला स्वभावाविरुद्ध जावे लागे. असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची फौज आणि वेलस्लीचे इंग्रजी सैन्य भिडले. तोफांनी इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची चाळण केली. उरलेल्यांवर मराठा स्वार तुटून पडले, तेव्हा मॅक्सवेलचे घोडदळ त्यांच्या मदतीला धावले. पुढच्या हल्ल्यात मॅक्सवेल मारला गेला. खुद्द वेलस्लीचा एक घोडा ठार झाला आणि दुसरा, डायोमेड, भाल्याने जखमी झाला.

रोखलेल्या संगिनींची न हलणारी रांग दिसली की घोडा सहसा थबकतो किंवा बगल देतो. मग तोफांच्या धुरात तो शिरतो कसा? सवयीने आणि सोबतीने. त्याला आधी लांबून बार ऐकवतात, मग हळूहळू जवळून. शेजारी मुरलेला घोडा उभा करतात. शेजारी शांत राहिला की नवखाही शांत राहतो. कळपाची जी ओढ त्याला पळवते, तीच त्याला रांगेत धरून ठेवते. लढाई कोणाची, कशासाठी, हे त्याला ठाऊक नसते. तो सोबत्यांबरोबर जातो आणि मरतोही.

लढायांच्या जुन्या चित्रांत धावते घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून उडताना दिसतात. १८७८ मध्ये माय्ब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरे ठरले. पण त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. हजारो वर्षे घोड्यावर बसणाऱ्या माणसाला हे नुसत्या डोळ्यांनी दिसले नव्हते.

विद्यार्थ्यांना टांग्याचा किंवा वरातीतला घोडा लांबून पाहायला सांगा. चालताना टापांचे चार ठोके ऐकू येतात, दुडकीत दोनच. ते बाकावर बोटांनी वाजवून पाहावेत. बँड वाजू लागला की घोड्याचे कान कोठे वळतात, तेही टिपावे. आणि हो, त्याच्या मागून मात्र कोणी जाऊ नये.