पानिपतची खबर आणि सावकाराचा कासीद

पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकले. पण ती बातमी नानासाहेब पेशव्यांना कोणाकडून कळली? सरकारी जासुदाकडून नव्हे, एका सावकारी पत्रातून!

पेशव्यांकडे जासूद, हरकारे, वकील अशी चोख व्यवस्था होती. परंतु ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि भाऊसाहेबांची फौज व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. टपालाची वाटच तुटली. नानासाहेब कुमक घेऊन माळव्यापर्यंत पोचले, तरी पुढचा पत्ता नाही. तिथे सावकाराचा कासीद त्यांच्या हाती लागला. पत्राची भाषा हिशेबाची. दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि मोजता न येणारा रुपये-खुर्दा, असा तो तोट्याचा ताळेबंद. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. हा धक्का नानासाहेबांना सोसला नाही. २३ जूनला पर्वतीवर त्यांचे निधन झाले.

बँकेत हयात गेल्यामुळे मला याचे नवल वाटत नाही. हुंडी एका गावी लिहायची, दुसऱ्या गावी वटायची. कोण तरले, कोण बुडाले हे वेळेत कळले नाही, तर पेढीच बसायची. त्यामुळे सावकाराला खबर ठेवणे भागच होते.

पण गंमत बघा, त्या पत्रात मोती मोजले, मोहरा मोजल्या, खुर्दा मात्र मोजलाच नाही. ज्याला जे मोलाचे, तेच त्याच्या बातमीत येते. खुर्दा म्हणजे साधे शिपाई, बारगीर, बाजारबुणगे. कितीतरी घरांचे कर्ते पुरुष. त्यांच्या दारी कुठला कासीद जाणार? कोणी गाववाला जिवंत परतला तर कळायचे, नाहीतर वाट बघायची.

खुद्द भाऊसाहेबांच्या घरीही खात्री नव्हती. पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले. १७७६ साली त्याला देहदंड झाला. बातमी येणे आणि ती पटणे यांत अशी पंधरा वर्षे गेली.

आपल्या सोसायटीतही पाणी बंद असल्याचे नोटीस लागण्याआधी वॉचमनला आणि कामवाल्या मावशींना ठाऊक असते. ते ठीकच आहे. पण एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचे दार कोण वाजवणार, हे कमिटीने ठरवून ठेवावे. आपल्याकडे तरी खुर्दा मोजायचा राहू नये, एवढेच.