करारभंग आणि व्यापारी दावा

करारातील पक्षाने कबूल केलेले काम न करणे, अर्धवट करणे किंवा ठरल्या वेळेत न करणे म्हणजे करारभंग. भारतात या विषयाचा मूळ आधार १ सप्टेंबर १८७२ पासून लागू असलेला भारतीय करार कायदा हा आहे. प्रत्यक्ष दाव्यात मात्र मुदत कायदा (१९६३), दिवाणी प्रक्रिया संहिता (१९०८) आणि वाणिज्यिक न्यायालये कायदा (२०१५) यांच्याशी अधिक गाठ पडते. बाजू न्यायाची असूनही दावा हातचा जातो तो बहुधा मुदत, नोंदणी किंवा पुरावा यांपैकी कशात तरी चूक झाल्याने. म्हणून या नोंदीत त्यांना जास्त जागा दिली आहे.

करार लेखीच हवा असा सर्वसाधारण नियम नाही. सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने, कायदेशीर हेतूने आणि मोबदला ठरवून केलेला तोंडी व्यवहारही करारच असतो. अज्ञानाचा करार मात्र मुळातच रद्दबातल ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये कायमचे ठरवून टाकले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ नुसार ई-मेलवरून झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे नाकारता येत नाही. तोंडी व्यवहाराची अडचण सिद्ध करण्याची आहे. तिथे पर्चेस ऑर्डर, सही-शिक्क्याचे डिलिव्हरी चलन, बिले आणि बँकेचा खातेउतारा कामी येतात. व्हॉट्सॲपवरील संभाषणाची प्रत हजर करायची असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. मूळ फोन जपून ठेवणे त्याहून चांगले. मुद्रांक कमी पडलेला दस्त पुराव्यात घेतला जात नाही, पण तेवढ्याने तो रद्द होत नाही. तूट आणि दंड भरून हा दोष दूर करता येतो. लवादाच्या कलमालाही हेच लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

सर्वांत जास्त नुकसान मुदतीच्या गैरसमजामुळे होते. करारभंगाच्या आणि उधारी वसुलीच्या बहुतेक दाव्यांना तीन वर्षांची मुदत असते. उधारीचा काळ ठरला नसेल तर ही मुदत माल पोचवल्याच्या तारखेपासून मोजतात, ठरला असेल तर तो काळ संपल्यापासून. दरम्यान वकिलाची नोटीस पाठवली, फोनवर ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे ऐकले, म्हणून ही मुदत थांबत नाही. ती नव्याने सुरू होण्याचे मुख्य मार्ग दोनच आहेत. एक म्हणजे मुदत संपण्याआधी ऋणकोने सही करून दिलेली लेखी कबुली (मुदत कायद्याचे कलम १८). दुसरा, मुदतीच्या आत केलेला आणि त्याच्या सहीच्या लेखाने किंवा हस्ताक्षराने दिसणारा अंशतः भरणा (कलम १९). मुदत उलटल्यावर नुसती कबुली उपयोगाची नाही; तेव्हा करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पैसे देण्याचे स्पष्ट, लेखी आणि सहीचे वचन लागते. दरवर्षी मार्चअखेर समोरच्याकडून शिल्लक रकमेच्या पत्रावर सही घेण्याची हिशेबनिसांची रीत म्हणूनच फार मोलाची आहे. नातेसंबंधाच्या भिडेपोटी ती टाळणारा धनको स्वतःचेच हात बांधून घेतो.

गोव्यात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. मुक्तीनंतरही पोर्तुगीज नागरी संहितेतील लांब मुदती तिथे लागू आहेत का, यावर बराच काळ वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये संहितेच्या बाजूने कौल दिला होता. सिंडिकेट बँकेच्या प्रकरणात २००१ मध्ये त्याच न्यायालयाने भूमिका बदलली आणि करारातून उद्भवणाऱ्या दाव्यांना भारतीय मुदत कायदाच लागू होतो, असे ठरवले.

भागीदारी संस्थांनी १९३२ च्या भागीदारी कायद्याचे कलम ६९ नीट समजून घ्यायला हवे. नोंदणी नसलेल्या संस्थेवर दुसरा दावा लावू शकतो, पण तिला करारावर आधारलेला दावा बाहेरच्यावर लावता येत नाही. दावा दाखल केल्यावर नोंदणी करून तो वाचत नाही. मागे घेऊन नव्याने लावावा लागतो, आणि तोवर तीन वर्षे संपलेली असू शकतात. महाराष्ट्राने १९८४ मध्ये एक पाऊल पुढे जाऊन अशा संस्थेतील भागीदारांना विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावाही मना केला होता. ही दुरुस्ती २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. तो निर्णय योग्यच होता, कारण त्या तरतुदीने घामाचे भांडवल घातलेला भागीदार पूर्ण निराधार होत होता.

भरपाई किती मिळते? करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेले नुकसान मिळते. समजा, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला ठरल्या भावाने सूत मिळाले नाही आणि त्याने बाजारातून महाग सूत घेतले. दोन भावांतला फरक त्याला मागता येईल. सूत न आल्याने निर्यातीची मोठी ऑर्डर गेली, पण त्या ऑर्डरची सूत-व्यापाऱ्याला कल्पनाच नव्हती, तर तो नफा मिळणार नाही. नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी वादीने वाजवी प्रयत्न केले का, हेही पाहिले जाते. करारात दंडाची मोठी रक्कम लिहिली तरी ती आपोआप पदरात पडत नाही. कलम ७४ प्रमाणे ती कमाल मर्यादा, आणि तिच्या आत न्यायालय वाजवी भरपाई देते.

कोणत्या दारात जायचे हे व्यवहारावर ठरते. तीन लाख किंवा त्याहून अधिक मूल्याचा वाणिज्यिक वाद वाणिज्यिक न्यायालयात जातो. २०१८ पूर्वी ही मर्यादा एक कोटी होती. तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी करावीच लागते. हे बंधन न पाळलेला दावा फेटाळला जातो, असे पाटील ऑटोमेशन प्रकरणात २०२२ मध्ये ठरले. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळला जातो. प्रतिवादीची कैफियत समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत आली नाही तर ती दाखल करण्याचा हक्क जातो. हुंडी, चेक किंवा लेखी करारावरील निश्चित रकमेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो, त्यात प्रतिवादीला बचावासाठी आधी परवानगी मागावी लागते. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस आणि त्यानंतर एक महिन्यात तक्रार, हे परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चे वेळापत्रक आहे.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याने वेगळे बळ दिले आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. असे वाद निकाली काढणाऱ्या सुविधा परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला निवाड्यातील ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. छोट्या पुरवठादाराने व्यवहार सुरू करण्याआधी उद्यम नोंदणी करून ठेवावी.

हुकूमनामा हाती आल्यावरही काम उरते. भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनाम्यानंतर सुरू होतात, असे प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच, म्हणजे करार कायद्याच्याच वर्षी, नोंदवले होते. वसुलीसाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते, ऋणकोची मालमत्ता शोधून जप्तीसाठी दाखवावी लागते. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिले आहेत. पैशांच्या हुकूमनाम्यावर दरखास्त देण्याची मुदत १२ वर्षे आहे.