अंकलिपी : एक उपेक्षित साधन

पेण-रोह्याकडील जुन्या घरांत रुमाल सोडतांना सनद, महजर किंवा कैफियत हातीं आली कीं संग्राहकास हर्ष होतो. त्यांतच अडकलेली मुलाची फाटकी अंकलिपी मात्र तो बाजूस टाकतो. ही मोठी चूक होय. शाळेच्या पहिल्या दिवसाचें भय चित्रांनीं कसें निवळत गेलें, याचें साधन तीच आहे.

पंतोजींच्या शाळेंत चित्र नव्हतें. धूळपाटी, कित्ता व छडी, एवढाच तेथील सरंजाम. शाळा चुकविणाऱ्या पोरास चार दांडगीं मुलें हातापायांस धरून उचलून आणीत. यासच उचलबांगडी म्हणत. तथापि भयावरील उताराही परंपरेंतच होता. दसऱ्यास पाटीवर १ हा आकडा पुनःपुन्हा काढून सरस्वती रेखाटीत. मुलाला येणारा पहिलाच आकडा देवीचें रूप घेई. अनोळखी चिन्हाशेजारीं ओळखीचें रूप ठेवावें, हेंच तत्त्व सचित्र अंकलिपींत दिसतें.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांचें 'बाळमित्र' १८२८ सालीं निघालें; परंतु तें वाचतां येणाऱ्या मुलांसाठीं होतें. अक्षरशत्रु बालकाची सोय अंकलिपीनें केली. पेण हें गणेशमूर्तींचें गांव. तेथील मुलानें 'ग'शेजारीं गणपति पाहिला, कीं शेजारच्या कारखान्यांतील मूर्तीच शाळेंत आली असें त्यास वाटावें.

पुढें या विचारास शास्त्राचा आधार मिळाला. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या नूतन बाल शिक्षण संघानें १९२६ पासून भय व शिक्षा यांवांचून शिक्षणाचा पुरस्कार केला. १९४५ सालीं ताराबाईंनीं याच कोंकणपट्टीच्या उत्तरेस बोर्डी येथें बालशिक्षणाचें कार्य मांडलें.

पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. १८९६ सालीं जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांचें बालपण बहुतांशीं रोह्यास गेलें. अशा थोरांचीं पत्रें आपण जपतों. त्यांच्या पिढीनें प्रथम हातीं धरलेलीं पुस्तकें मात्र रद्दींत जातात.

एरव्हीं कोरी प्रत मोलाची. येथें न्याय उलटा आहे. कोपरे दुमडलेली, चित्रांवर बोटांचे डाग पडलेली प्रतच खरें प्रमाण, कारण त्या चित्राशीं मूल किती वेळ रमलें हें ती सांगते. तेव्हां अशी प्रत आढळल्यास तिची डागडुजी न करितां, गांव व घर नोंदवून, ती दप्तरांत सनदेशेजारींच ठेवावी.