अंधशाळेचा पट घसरला, निकालात नुसत्या चांदण्या. मग शाळा वाईट आहे असं समजायचं का?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात प्रत्येक सरकारी शाळेची कुंडली ऑनलाइन बघायला मिळते. पटावर मुलं किती, गणितात किती जणांना जमलं, इंग्रजीत किती जणांना, सगळं. घर घेण्याआधी आईबाप हे आकडे चाळतात. बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा उद्योग चांगलाच माहीत असेल. पण त्याच बे एरियातल्या फ्रीमाँट शहरात एक सरकारी शाळा अशी आहे, जिचा पट शंभराच्या आत आहे आणि इयत्तावार निकाल बघायला गेलं तर आकड्याच्या जागी चांदणीचं चिन्ह दिसतं.

ही शाळा म्हणजे कॅलिफोर्निया स्कूल फॉर द ब्लाइंड. राज्याच्या शिक्षण खात्याची, अंध मुलांसाठीची शाळा.

आधी चांदणीचं बघू. शाळेने निकाल लपवलाय, असा तिचा अर्थ नाही. परीक्षा दिलेली मुलं १० किंवा त्याहून कमी असतील तर राज्य तो आकडा जाहीरच करत नाही. गट इतका लहान असला की कुठल्या पोराला काय मिळालं हे सहज ओळखता येतं, म्हणून हा नियम. आणि आकडा दिला असता तरी त्यातून फार काही कळलं नसतं. आठ मुलांच्या वर्गात एकाचा पेपर बिघडला की निकाल थेट साडेबारा टक्क्यांनी खाली येतो. चारशे मुलांच्या शाळेत तेवढी घसरण व्हायला पन्नास मुलं लागतात.

मग मुलं इतकी कमी का?

एकेकाळी चित्र वेगळं होतं. ही शाळा १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, पुढे बर्कलीला गेली आणि १९८० मध्ये फ्रीमाँटला आली. तेव्हा अंध मुलाला शिकवायचं तर अशा निवासी शाळेला फारसा पर्याय नसायचा. कॅनडातला जेकोबस टेनब्रुक नावाचा मुलगा लहानपणीच अंध झाला, तर त्याला या शाळेत घालता यावं म्हणून अख्खं कुटुंब बर्कलीला राहायला आलं. हाच टेनब्रुक पुढे बर्कली विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९४० मध्ये त्याने अमेरिकेतल्या अंधांची राष्ट्रीय संघटना उभी केली.

त्यानंतर दोन लाटा आल्या. १९४० च्या दशकात वेळेआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत जगू लागली, पण जास्त ऑक्सिजनमुळे हजारो बाळांची दृष्टी गेली. हे कारण पक्कं व्हायला १९५४ उजाडलं. मिशिगनच्या अंधशाळेत शिकलेला गायक स्टीव्ही वंडर याच पिढीतला. मग १९६४-६५ मध्ये रुबेला गोवराची साथ आली आणि सुमारे २० हजार बाळं जन्मतः व्यंग घेऊन आली. त्यातल्या अनेकांना दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. अंधशाळांमध्ये जागा पुरेना.

१९७५ च्या कायद्याने सगळं फिरवलं. अपंग मुलाला शक्य तितकं इतर मुलांसोबत, घराजवळच्या शाळेत शिकवायचं, ही जबाबदारी सरकारी शाळांवर आली. आज अमेरिकेत अंध म्हणून नोंदलेले विद्यार्थी साधारण ५५ हजार आहेत. त्यातले दहातले नऊ जण निवासी अंधशाळेत जातच नाहीत. म्हणजे पट घसरला तो मुलांनी शाळा सोडली म्हणून नव्हे, तर त्यांना गल्लीतल्या शाळेचं दार उघडलं म्हणून.

आता खरी मेख. ज्या मुलाला नेहमीच्या शाळेत जमतं, ते तिथेच राहतं. अंधशाळेत पाठवलं जातं ते ज्याची गरज स्थानिक शाळेला भागवता येत नाही असं मूल. त्यातल्या अनेकांना अंधत्वासोबत आणखी एखादं अपंगत्व असतं. काहींचे डोळे ठीक असतात, पण मेंदूला दिसलेल्याचा अर्थ लागत नाही. श्रीमंत देशांत मुलांच्या दृष्टिदोषाचं हे आता प्रमुख कारण आहे. अशा मुलांची सरासरी शेजारच्या शाळेशी लावणं म्हणजे हॉस्पिटलमधल्या लोकांची तब्येत जिममधल्या लोकांशी ताडून बघणं.

दुसरी गंमत उलट दिशेची. काही मुलं दोन-तीन वर्षांसाठीच येतात. ब्रेल शिकतात, पांढरी काठी घेऊन एकट्याने बस पकडायला शिकतात, कॉम्प्युटरवरचा मजकूर ऐकत काम करायला शिकतात आणि आपल्या गावच्या शाळेत परत जातात. पुढे त्यांचे मार्क त्या शाळेच्या खात्यात जमा होतात. अंधशाळेच्या पानावर त्या यशाचा मागमूसही नसतो.

परीक्षा हे सगळं मोजत नाही. फिल हॅटलेन या शिक्षणतज्ज्ञाने १९९६ मध्ये अंध मुलांसाठी आठ विषयांचा जादा अभ्यासक्रम मांडला. त्यात वाट शोधणं आहे, स्वयंपाक-कपडे आहेत, चारचौघांत वागणं आहे, नोकरीची तयारी आहे. डोळस पोर हे बघून बघून उचलतं, अंध मुलाला ते शिकवावं लागतं. त्यात जाणाऱ्या तासांना राज्याच्या परीक्षेत एकही मार्क नाही.

महाराष्ट्रातही दहावीच्या निकालादिवशी 'अंधशाळेचा शंभर टक्के निकाल' अशी बातमी येते. आनंदाचीच गोष्ट. पण मुलं किती बसली होती, लेखनिक किती जणांना मिळाला आणि स्वतः ब्रेल वाचता येणारी किती, हे सहसा त्यात नसतं. लेखनिकाच्या सोयीबद्दल केंद्राने २०१८ मध्ये निर्देश काढले आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळही त्यात होता. मात्र केवळ ऐकून शिकलेल्या मुलाचं शुद्धलेखन कच्चं राहतं, आणि लेखनिकाच्या अक्षरात ते झाकलं जातं.

आकडे चुकीचे वाचले की काय होतं, हा प्रश्न पुस्तकी नाही. ऑरेगन राज्याची सेलम शहरातली अंधशाळा १८७३ पासून चालू होती. पट मोजका उरला, जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च डोळ्यांवर येऊ लागला. २००९ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ती बंद केली. पैसा नव्या निधीत गेला, ज्यातून मुलांना आपापल्या गावच्या शाळेत मदत मिळावी. ज्या मुलाला आठवड्यातून काही तासच शिक्षकाची गरज होती, त्याचं यात फारसं अडलं नाही. ज्याला जेवणाच्या टेबलापासून झोपेपर्यंत प्रत्येक गोष्ट शिकायची होती, त्याच्यासाठी वसतिगृह असलेली सरकारी अंधशाळा त्या राज्यात उरली नाही. जागा पुढे शेजारच्या हॉस्पिटलने विकत घेतली.