धुराला वाट कुठून?

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीला एका बाजूने कोल्हापूरचा विमानतळ भिडलेला आहे आणि दुसऱ्या बाजूने गांधीनगरची घाऊक कापडपेठ. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वळिवड्याच्या जुन्या छावणीच्या जागी वसवलेली ही पेठ आता उचगाव, वळिवडे आणि गडमुडशिंगीच्या हद्दींत पसरली आहे. अशा पेठेतल्या इमारतीचा साचा ओळखीचा असतो. तळमजल्यावर खोल, अरुंद दुकान, वर गठ्ठ्यांनी भरलेले गोदाम, मध्ये एकच जिना आणि दर्शनी भागावर खिडक्या झाकून टाकणारा फलक. आगीपासून संरक्षण म्हटले की इथे लाल सिलिंडर आणि पाण्याची टाकी आठवते. धुराचे काय करायचे, हा प्रश्न नकाशा काढतानाही क्वचितच विचारला जातो, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

आगीत माणसे बहुधा ज्वाळा अंगापर्यंत पोचण्याआधी धुराने मरतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. नायलॉन, ॲक्रिलिक किंवा लोकर जळली तर हायड्रोजन सायनाइडही निघतो. मुंबईच्या कमला मिलमधील आगीत 29 डिसेंबर 2017 रोजी 14 जण गेले. त्यांतले अनेक जण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. गोव्यातील हडफडे येथे डिसेंबर 2025 मध्ये नाइटक्लबच्या आगीत 25 बळी गेले. त्यांतही तळघरात अडकून गुदमरलेले कामगार होते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला 18 मे 2025 च्या पहाटे आग लागली आणि 8 जणांचा अंत झाला. कापडाच्या धंद्याला तर हे उदाहरण सर्वांत जवळचे.

धूर किती वेगाने साठतो, याचा हिशेब मांडून पाहू. दुकान 6 मीटर रुंद, 20 मीटर खोल, छत साडेतीन मीटरवर. आत मीटरभर लांबीरुंदीचा एक ढीग पेटला आहे. वर चढणारा गरम झोत भोवतालची हवा ओढून घेत जातो, त्यामुळे धुराचे बरेचसे आकारमान या ओढलेल्या हवेचे असते. प्रचलित सूत्राने पाहिले तर झोत जमिनीपासून 2 मीटर उंचीवर पोचेपर्यंत सेकंदाला सुमारे 2 किलो धूर तयार होतो. दीडशे-एकशेसाठ अंश सेल्सिअस तापमानाला त्याचे आकारमान अडीच घनमीटरांच्या आसपास भरते. छतापासून डोक्याच्या पातळीपर्यंतची जागा 180 घनमीटर. सुरुवातीला झोत अधिक उंच चढतो आणि हवाही जास्त ओढतो, म्हणून ही जागा साधारण मिनिटभरात भरते. एवढ्या वेळात मागच्या टोकाला असलेल्या गिऱ्हाइकाला दार गाठायचे असते. आणि हा एकाच ढिगाचा हिशेब झाला.

आता याच्याशी भिंतीतला नेहमीचा बारा इंची एक्झॉस्ट पंखा ताडून पाहा. तो ताशी हजार-दीड हजार घनमीटर हवा हलवतो, म्हणजे सेकंदाला अर्ध्या घनमीटरहूनही कमी. वरच्या धुराशी बरोबरी साधायची तर असे सहा ते नऊ पंखे लागतील, आणि तेही गरम धुरात चालू राहिले तर. साधी मोटर आणि साधी वायर तिथे फार काळ टिकत नाही. म्हणूनच राष्ट्रीय बांधकाम संहिता धूर काढणारा पंखा 250 अंशांना दोन तास चालावा, अशी अपेक्षा धरते. त्याचा वीजपुरवठाही वेगळा हवा, कारण अग्निशमन दल आल्यावर इमारतीची वीज आधी तोडते.

सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र विजेशिवायही बरेच साधते. दीड मीटर जाडीच्या गरम थराखाली तयार होणारा दाब जेमतेम पाच-सहा पास्कल असतो, पण छतात दीडेक चौरस मीटरची झडप उघडली तर तेवढ्याने अडीच घनमीटर धूर बाहेर पडू शकतो. आग वाढली की धूर अधिक गरम होतो आणि ओढही वाढते. मर्यादा दोन आहेत: स्प्रिंकलरने धूर थंड केला तर त्याची चढण मंदावते, आणि वारा उलटा असेल तर झडप तोंड फिरवते.

पण झडप असो वा पंखा, खालून हवा आली नाही तर दोन्ही व्यर्थ. गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. तोंड बुजले की धुराडे कितीही उंच असो, ओढ मरते. आपल्या दुकानासाठी आत येणाऱ्या हवेची वाट पावणेदोन चौरस मीटरची लागेल, म्हणजे एक पूर्ण उघडे दार, आणि ती धुराच्या थराखाली हवी. दुकानाचे शटर वर असेल तर प्रश्न सुटतो. वरच्या गोदामात मात्र हवा फक्त जिन्यातून येते आणि माणसेही त्याच जिन्याने उतरतात. म्हणून धूर ओढण्याआधी जिना वेगळा करावा लागतो. त्याला आपोआप मिटणारे अग्निरोधक दार हवे, आणि उंच इमारतीत जिन्यात बाहेरची हवा भरून सुमारे 50 पास्कलचा दाब ठेवावा लागतो. जिन्यात गठ्ठे रचले आणि दाराला पाचर मारली की ही सगळी मांडणी कोसळते.

तळघराबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. आगीच्या वेळी ताशी 12 वेळा हवा बदलली की झाले, असे मानले जाते. आपल्या दुकानाएवढ्या तळघराला हा नियम लावला तर सेकंदाला 1.4 घनमीटर येतात, आपल्या एका ढिगाच्या धुराहूनही कमी. हा आकडा खोलीच्या आकारमानावरून निघतो, आगीवरून नाही. जवानांना आत शिरता यावे आणि नंतर धूर निवळावा, यासाठी तो ठीक आहे. पण त्याच्या भरवशावर तळघरात विक्रीचे काउंटर मांडणे धोक्याचे आहे.

वातानुकूलनाच्या डक्टचा विचार निराळा करावा लागतो, कारण ती यंत्रणा धूर काढत नाही, तर पसरवते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी खालच्या ट्रान्सफॉर्मरची आग वाहनतळात पसरली. तिचा धूर जिना आणि डक्टमधून वर गेला आणि 59 प्रेक्षक मेले. आगरोधक भिंत ओलांडणाऱ्या प्रत्येक डक्टला आगीच्या वेळी आपोआप मिटणारी झडप, म्हणजे डॅम्पर हवा, आणि अलार्म वाजताच वातानुकूलनाचा पंखा बंद पडायला हवा.

धूर काढण्याचे शास्त्र नाट्यगृहांनी फार मोल देऊन शिकवले. शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहात 30 डिसेंबर 1903 रोजी रंगमंचावरील छताच्या झडपा उघडल्याच नाहीत. मागचे दार उघडताच आत आलेल्या वाऱ्याने आग अर्ध्यावर अडकलेल्या पडद्याखालून प्रेक्षागृहात ढकलली. सहाशेहून अधिक माणसे गेली. कोल्हापूरला याचा विसर परवडणारा नाही. शाहू महाराजांनी 1915 मध्ये उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळाले, छत कोसळले. प्रयोग चालू नव्हता म्हणून जीव वाचले. पुनर्बांधणीत जुने रूप परत यावे, ही इच्छा योग्यच आहे. पण रंगमंचावरची झडप आपोआप उघडते की नाही, याची चौकशी नक्षीकामाआधी व्हायला हवी.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा नीट चालते, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते. ही तपासणी दुपारी, सगळी शटर वर असताना करून भागत नाही. बाजार बंद झाल्यावर मुख्य वीज तोडावी, शटर खाली ओढावे, आत चाचणीचा धूर सोडावा आणि अलार्म वाजवावा. मग घड्याळ लावून पाहावे: पंखा किती सेकंदांत सुरू झाला, डॅम्पर मिटला का, जिन्यात धूर किती आला. हवा येण्याच्या झरोक्यावर कागदाची एक पट्टी धरावी. ती आतल्या बाजूला ओढली गेली नाही, तर वरच्या पंख्याच्या पाटीवर कितीही मोठा आकडा असला, तरी तेवढी हवा त्या इमारतीतून बाहेर पडत नाही.