युद्धपटांतील प्रक्षेप

हस्तलिखित हातीं आलें म्हणजे संशोधक प्रथम त्याचा कागद, शाई व अक्षराचें वळण पाहतो. मजकूर कितीही मनोहर असला तरी या परीक्षेवांचून तो ग्राह्य मानीत नाहीं. चित्रपटास मात्र ही कसोटी आपण क्वचितच लावतों. डोळ्यांस दिसलें तें घडलेंच, असा आपला समज असतो. पहिल्या महायुद्धावर तीन निरनिराळ्या काळीं निघालेले तीन चित्रपट घेऊन हा समज तपासून पाहूं.

पहिला ‘बॅटल ऑफ द सोम’. फ्रान्समध्यें सोम नदीच्या परिसरांत १ जुलै १९१६ रोजीं ब्रिटिश फौजेनें मोठा हल्ला चढविला. त्या एका दिवसांत तिची ५७,००० हून अधिक माणसांची हानि झाली. पैकीं १९,००० हून अधिक ठार झालीं. जेफ्री मॅलिन्स व जॉन मॅक्डॉवेल या छायालेखकांनीं घेतलेली फीत ऑगस्टमध्येंच लंडनांत दाखविली गेली, आणि ज्यांचे पुत्र रणांगणावर होते असे असंख्य लोक ती पाहावयास लोटले. हॉथॉर्न टेकाडाखालील सुरुंगाचा स्फोट, तोफांचा मारा, जखमींची ने-आण, हीं दृश्यें अस्सल आहेत. परंतु शिपाई खंदकांतून वर चढतात व त्यांतील कांहीं कोसळतात, हें सर्वांत गाजलेलें दृश्यच रचलेलें आहे. शिपायांच्या पाठीवर लढाईचें ओझें नाहीं, समोर कांटेरी तारांचें कुंपण नाहीं, आणि कॅमेरा अशा उघड्या जागीं आहे कीं खऱ्या हल्ल्यांत तो चालविणारा वांचणें कठीण. हा भाग आघाडीच्या मागें, तालमीच्या जागीं घेतला, असा अभ्यासकांचा निर्णय आहे. आमच्या परिभाषेंत हा प्रक्षेप होय.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. शिक्षक असतांना याच दृश्याचें छायाचित्र मीं वर्गांत ‘प्रत्यक्ष लढाई’ म्हणून दाखविलें होतें. तो पाठ मागें घेण्यास तीं मुलें आतां समोर नाहींत.

दुसरा चित्रपट ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. रेमार्कच्या कादंबरीवरून लुई माइलस्टोन यानें तो १९३० मध्यें अमेरिकेंत केला. यांत सर्वच अभिनय आहे, आणि अस्सलपणाचा दावा मुळींच नाहीं. तथापि शत्रुपक्षाचा, म्हणजे जर्मन, शिपाई येथें कथानायक झाला. युद्धानंतर बारा वर्षांनीं मनें कशीं पालटलीं याचा हा पुरावा आहे. नाझींनीं बर्लिनमध्यें दंगा केला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जर्मनींत त्यावर बंदी आली, हाही पुरावाच.

तिसरा पीटर जॅक्सनचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’, २०१८ चा. इंपीरियल वॉर म्यूझियममधील जुन्या फितींस त्यानें रंग दिला, गति सुधारली, आणि ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखून ते नव्या आवाजांत बोलविले. पुसट अक्षरांवर लेखकानें नवी शाई फिरवावी, तसें हें काम आहे. वाचन सुलभ होतें. पण मूळ अक्षर कोणतें व मागाहूनचें कोणतें, हें पुढील पिढीस कळेनासें होण्याचा धोकाही तितकाच.

म्हणून प्रक्षेप फेंकून द्यावा काय? नाहीं. भांडारकर संस्थेनें १९६६ मध्यें पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत प्रक्षिप्त श्लोक टाकले नाहींत. तळटीपांत व परिशिष्टांत, आधारभूत पोथ्यांच्या निर्देशासह, जपले आहेत. युद्धपटांसही हाच न्याय लावावा. रचलेलें दृश्य १ जुलैचें साक्षी नव्हे. पण १९१६ च्या प्रेक्षकास मरण कसें दाखवावें असें वाटलें, याचें तें उत्तम साक्षी आहे.

मात्र या विवेकास मूळ प्रत हवी. त्या काळची नायट्रेट फीत पेटते, कुजते आणि शेवटीं भुकटी होते. सोमची फीत १९२० पासून संग्रहालयांत राहिली, म्हणूनच आज तिची परीक्षा होऊं शकते; २००५ मध्यें युनेस्कोनें तिला जागतिक स्मृतिपटावर स्थान दिलें. संग्राहकांच्या दप्तरांत एखादी जुनी फीत, जाहिरात वा कथासार-पत्रिका असेल, तर तीस पोथीचाच मान द्यावा. आणि उजळलेली नवी प्रत कितीही सुंदर निघाली, तरी मूळ प्रत हातावेगळी करूं नये.